जागच्या जागी चालवायची सायकल कशी घ्यावी?

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा दोघांच्या संघातून पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच स्पर्धा एकट्याने पार केली. महाराष्ट्रात लांब पल्ल्याच्या सायकलिंगची गोडी त्याआधीही होती, पण आपल्याच गावातला एखादा डॉक्टर हे करू शकतो हे दिसल्यावर अनेकांनी मनावर घेतले. अडचण एकच, आपल्याकडचा पावसाळा. पुण्याहून गोव्यापर्यंतची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही सहाशे किलोमीटरहून लांब शर्यत पावसाळा सरल्यावर होते, म्हणजे तिच्या तयारीचे महिने ऐन पावसात येतात. निसरडे रस्ते, पाण्याखाली लपलेले खड्डे, पहाटेचा अंधार आणि शेजारून जाणारे ट्रक यांच्या जोडीने सराव करणे हे धाडस म्हणून ठीक असेल, नियम म्हणून नाही. त्यात नोकरी सांभाळून रात्री नऊनंतरच मोकळे होणारे पुष्कळ, आणि अंधारात एकटीने बाहेर पडणे सुरक्षित न वाटणाऱ्या स्त्रियाही पुष्कळ. या सगळ्यांसाठी घरात ट्रेनर नावाच्या स्टँडवर सायकल लावून सराव करणे हा रास्त मार्ग आहे. प्रश्न येतो तो सायकलचा. चांगली सायकल घामात खराब करायची नसते आणि दुसरी नवी घ्यायला पैसे नसतात. अशा वेळी जुनी सायकल घ्यावी हे सगळेच सांगतात. ती कशी पारखावी हे मात्र क्वचितच कोणी सांगतो.

माझे म्हणणे असे की, घरात चालवायची जुनी सायकल पारखण्याची कसोटी रस्त्यावरच्या सायकलपेक्षा वेगळी आहे, आणि त्या फरकातच खरेदीदाराचा फायदा आहे. जुन्या बाजारात सायकलची किंमत ठरते ती रस्त्यावर ती किती चांगली धावेल यावर. ब्रेक गेलेले, पुढचे चाक वाकलेले, पुढच्या टायरला चिरा, पुढचा गिअर बदलत नाही, रंग उडालेला, अशा सायकलची किंमत धाडकन खाली येते. ट्रेनरवर यातला एकही दोष आड येत नाही. उलट काही दोष असे असतात की त्यांच्यामुळे बाजारभावात फारसा फरक पडत नाही, पण घरातल्या वापरासाठी सायकल कुचकामी ठरते. जे दोष आपल्याला चालतात त्यांच्यासाठी किंमत पाडून घ्यायची आणि जे चालत नाहीत तिथे कितीही स्वस्त असली तरी पाठ फिरवायची, एवढेच या खरेदीचे तंत्र आहे.

त्यासाठी ट्रेनर काय करतो ते थोडक्यात पाहू. साध्या प्रकारात मागच्या चाकाचा आस दोन बाजूंनी स्टँडमध्ये आवळतात आणि टायर एका लहान रोलरवर टेकवतात. रोलरला चुंबकाने किंवा द्रवाने अडथळा दिलेला असतो. दुसऱ्या, महागड्या प्रकारात मागचे चाक काढूनच टाकतात आणि सायकलची चेन थेट ट्रेनरवर बसवलेल्या दातेरी चक्रांवर चढवतात. याला डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. नुसते दंडगोळ्यांवर तोल सांभाळत चालवायचे रोलरही असतात, पण ती वेगळी कला आहे आणि नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या दोन्ही प्रकारांत सायकलचा मागचा भाग घट्ट धरलेला असतो आणि पुढचे चाक नुसते जमिनीवर टेकलेले असते. ते फिरत नाही, वळत नाही, थांबवावे लागत नाही.

आता रस्त्यावरच्या सायकलला महाग करणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहा. हलके वजन चढावर कामाला येते. सिंहगडाचा घाट चढताना बारा किलोची आणि आठ किलोची सायकल यातला फरक मांड्यांना कळतो. खोलीत सायकल जागची हलत नाही, त्यामुळे ती वीस किलोची असली तरी बिघडत नाही. जड असेल तर थोडी अधिक स्थिरच. वारा कापणाऱ्या आकाराची फ्रेम वाराच नसलेल्या खोलीत निरुपयोगी. डिस्क ब्रेक, महागडे टायर, पुढचा शॉकअप यांचे पैसे मोजण्यात अर्थ नाही. २०२० च्या डिसेंबरमध्ये यूसीआय या जागतिक सायकल महासंघाने झ्विफ्ट या प्रणालीवर पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. स्पर्धक आपापल्या घरी ट्रेनरवर होते. पुरुषांमध्ये पहिला आला जर्मनीचा जेसन ऑस्बोर्न, आणि तो तेव्हा मुख्यतः नौकानयनपटू होता; पुढच्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्याने नौकानयनात रौप्यपदक मिळवले. अशा प्रणालीत वेगाचे गणित होते ते तुमच्या पायांनी दिलेली शक्ती, तुम्ही नोंदवलेले वजन आणि पडद्यावर निवडलेली सायकल यांवरून. खाली खरी सायकल कोणती आहे याची त्या गणितात नोंदच नसते. गिअरचेही तसेच. सोळा गिअर आणि बावीस गिअर यांच्या किमतीत मोठी तफावत असते, पण स्मार्ट ट्रेनर अडथळा स्वतः कमीजास्त करतो आणि साध्या ट्रेनरवर तीन-चार गिअरांत भागते. मागे आठ चक्रे असलेली सायकल मी सर्वांत सोयीची मानतो, कारण तिची चेन आणि चक्रे स्वस्त असतात आणि सहज मिळतात.

मग महत्त्वाचे काय? सगळ्यात आधी माप. घरात सराव करताना माप रस्त्यावरच्यापेक्षा जास्त अचूक लागते, आणि ही गोष्ट नेमकी उलटी समजली जाते. ‘घरातच तर चालवायची आहे, थोडी मोठी असली तरी चालेल’ असे म्हणून लोक चुकीच्या मापाची सायकल उचलतात. रस्त्यावर आपण सतत हलत असतो. खड्डा आला की सीटवरून उठतो, वळणावर कलतो, उतारावर पाय थांबवतो, सिग्नलला उतरतो. ट्रेनरवर सायकल जखडलेली असते, शरीर तासभर एकाच जागी बसते आणि गुडघा एकाच रेषेत पाच हजार वेळा वरखाली होतो. सीट दोन सेंटिमीटर खाली असेल तर रस्त्यावर ती कदाचित लक्षातही येणार नाही. ट्रेनरवर आठवड्याभरात गुडघ्याची वाटी दुखू लागेल. सीटच्या उंचीसाठी दोन जुनी सूत्रे आहेत. १९६७ साली हॅम्ले आणि थॉमस या संशोधकांनी मांडले की, खालच्या टोकाला असलेल्या पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के असावे. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडमुळे दुसरे सूत्र लोकप्रिय झाले: पायाच्या आतल्या लांबीला ०.८८३ ने गुणायचे, येईल तेवढे अंतर क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवायचे. भिंतीला पाठ लावून, दोन पायांमध्ये पुस्तक घट्ट धरून जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजले की ही लांबी मिळते. समजा ती ८० सेंटिमीटर आहे. लेमाँडच्या सूत्राने ७०.६ येतात. पहिल्या सूत्राने ८७.२ येतात, त्यातून १७ सेंटिमीटरचा क्रँक वजा केला की ७०.२. दोन वेगळ्या वाटांनी निघालेली उत्तरे चार मिलिमीटरच्या फरकाने जुळतात, म्हणून सुरुवातीला या आकड्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही. पुढे पाच-दहा मिलिमीटर आपल्या गुडघ्याला विचारून बदलावेत.

याचाच अर्थ असा की सायकल बघायला जाताना खिशात मोजपट्टी हवी आणि तिथे पहिली मागणी असावी, सीटपोस्ट सैल करून वरखाली करून दाखवा. ही मागणी किरकोळ वाटते, पण मुंबईत किंवा कोकणात बाल्कनीत दोन-तीन पावसाळे काढलेल्या सायकलमध्ये स्टीलच्या फ्रेमला अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर खाऱ्या दमट हवेत तो आतल्या आत धरून बसतो. बोल्ट पूर्ण सोडवला तरी हलत नाही. अशी सायकल रस्त्यावर उत्तम चालेल, तिचे ब्रेक नवे असतील, रंग चकाकत असेल. ती तुमच्या मापाला बसत नसेल तर तुमच्यासाठी तिचे मोल शून्य. पोस्ट हलला तर त्यावर कोरलेली कमाल उंचीची रेघ पाहावी. तुमच्या उंचीला ती रेघ फ्रेमच्या बाहेर येत असेल तर फ्रेम लहान आहे. हँडल फार लांब पडत असेल तर आखूड स्टेम घालून दोन-तीन सेंटिमीटर मिळवता येतात, त्याहून जास्त नाही. पाठीचा किंवा मानेचा त्रास असणाऱ्यांनी वाकड्या हँडलच्या रेसिंग सायकलच्या मागे लागू नये. सरळ हँडलची हायब्रिड ट्रेनरवर तितकीच उपयोगी आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या बाजारात रेसिंगपेक्षा ती सहज सापडते.

दुसरी कसोटी मागच्या आसाची. बहुतेक ट्रेनर क्विक रिलीजच्या आसासाठी बनवलेले असतात. १९३० च्या आसपास इटलीच्या तुलियो कँपान्योलो यांनी रूढ केलेली ही खटक्याची सोय आज स्वस्त गिअरच्या सायकलवरही दिसते. आपल्या साध्या रोडस्टरला आणि अनेक स्वस्त गिअरवाल्या सायकलींना मात्र आस दोन्हीकडून नटने आवळलेला असतो. तो नट ट्रेनरच्या पकडीत नीट बसत नाही. काही ट्रेनरांसाठी वेगळे नट मिळतात, पण ते मिळतील या आशेवर सायकल घेऊ नये. चाकाचा आकारही पाहावा. ७०० सी, २६, २७.५ आणि २९ इंच हे आकार बहुतेक ट्रेनरांना चालतात, २४ इंच अनेकांना चालत नाही. डोंगरी सायकलच्या खडबडीत टायरने रोलरवर इतका घरघराट होतो की खालच्या मजल्यावरचे वर येतील, म्हणून मागे एक गुळगुळीत टायर घालण्याचा खर्च धरून चालावे. मागे शॉकअप असलेली सायकल मात्र नकोच. प्रत्येक दाबाला ती खाली बसते आणि ताकद तिथेच जिरते.

डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घेणार असाल तर आणखी एक बारकावा आहे. मागची चक्रे दोन पद्धतींनी बसवलेली असतात: जुन्या सहा-सात गिअरच्या सायकलींत बहुधा आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील, आणि आठपासून पुढे सहसा कॅसेट. ओळखायची खूण सोपी आहे. मागचे चाक हातात घ्या, चक्रे उलट फिरवा आणि मध्यभागी पाना अडकवायच्या खाचांकडे बघा. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, त्या जागीच राहिल्या आणि नुसती चक्रे फिरली तर फ्रीव्हील. ट्रेनरवर कॅसेटच बसते. सात गिअरवाल्याने निराश व्हायचे कारण नाही, सात चक्रांची कॅसेट एका कडीच्या आधाराने आठच्या जागेवर बसते. फक्त तो खर्च सौद्याआधी माहीत असावा. खूप जुन्या रेसिंग सायकलमध्ये मागच्या फाट्यांमधले अंतर १२६ मिलिमीटर असते, ट्रेनरला १३० लागते. स्टीलची फ्रेम हे चार मिलिमीटर सहन करते. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर तसा जोर करू नये.

आता प्रत्यक्ष तपासणी. ओल्या फडक्याने फ्रेमवरची धूळ पुसून घ्या, मोबाइलचा दिवा लावा आणि हँडलखालची नळी खालच्या तिरप्या नळीला जिथे मिळते त्या सांध्याच्या मागची, खालची बाजू बघा. समोरून धडकलेली सायकल इथे बोलते. नळीला केसाएवढी सुरकुती पडलेली असते, तिच्यावरचा रंग आडव्या रेघांत फुटलेला असतो. डोळ्याला दिसली नाही तर बोटाच्या टोकाला लागते. तशी सुरकुती लागली की व्यवहार तिथेच संपवावा. नंतर क्रँकच्या भोवतालचे सांधे आणि मागचा आस जिथे बसतो ते फाटे पाहावेत, कारण ट्रेनरवर सगळा ताण तिथे येतो. दोन्ही क्रँक हातांत धरून आडवे हलवा. खडखड लागली तर आतले बेअरिंग गेले आहे. हा दोष दुरुस्त होणारा आहे, तेवढे पैसे कमी करून मागावेत. चेन मोजायला साधी स्टीलची इंचपट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवले की नव्या चेनमध्ये चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर येते. ती अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली. एक सूत पुढे गेली असेल तर चेनने चक्रांचे दातही खाल्ले आहेत, म्हणजे चेन आणि चक्रे दोन्ही नवी घालावी लागतील. मागचे चाक फिरवून पाहा. थोडा आऊट असेल तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक काढून देईल, पण रिमला कुठे खड्डा असेल तर रोलरवर प्रत्येक फेरीला धप्प असा ठोका बसेल. डायरेक्ट ड्राइव्हवाल्याला मात्र मागच्या चाकाशी देणेघेणेच नाही, म्हणून मागचे चाक पार कामातून गेलेली सायकल ही त्याच्यासाठी उत्तम संधी असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: एवढा खटाटोप करण्यापेक्षा व्यायामाची तयार सायकल का घेऊ नये? ज्यांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास पाय चालवायला सांगितले आहे आणि ज्यांना रस्त्यावर सायकल चालवायचीच नाही, त्यांनी तीच घ्यावी. पण रस्त्यावरच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्याला तिचा उपयोग मर्यादित आहे. तिच्या पेडलांमधले अंतर बहुधा जास्त असते, हँडल वेगळ्या ठिकाणी येते, अनेकींची जड चकती पाय थांबवू देत नाही. शरीराला ज्या बसणीची सवय लावायची आहे ती तिथे लागत नाही. दुसरा आक्षेप, आहे तीच सायकल ट्रेनरवर का लावू नये. आठवड्यातून एकदाच सराव असेल तर जरूर लावावी. रोजच्या सरावात मात्र घाम हा खरा शत्रू आहे. शरीराने खर्च केलेल्या ऊर्जेपैकी पेडलपर्यंत साधारण २० ते २५ टक्केच पोचते, बाकी उष्णता होते. १५० वॅटने पेडल मारणारा माणूस त्याच वेळी ४५० ते ६०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो. बंद खोलीत लहानसा हीटर लावून त्याच्याच शेजारी बसल्यासारखे. रस्त्यावर हा घाम वारा वाळवतो, घरात तो हँडलवर, स्टेमच्या बोल्टवर आणि वायरींवर टपकत राहतो. हँडलवरच्या पट्टीखाली अ‍ॅल्युमिनियम महिनोन्‌महिने गुपचूप कुजते. म्हणून नासली तरी चालेल अशी सायकल वेगळी ठेवण्यात शहाणपण आहे, आणि तिच्यावरही टॉवेल टाकावा, सराव संपला की पुसावी, दोन-तीन महिन्यांनी हँडलची पट्टी उकलून आत पाहावे आणि बोल्टांना ग्रीस लावावे.

कार्बन फ्रेम स्वस्तात मिळतेय म्हणून मोह होतो, तो आवरावा. तिला ट्रेनरवर आवळावे की नाही याबद्दल कंपन्यांची भूमिका सारखी नाही, आणि जुन्या कार्बनमधली आतली भेग वरून दिसत नाही. स्टील किंवा अ‍ॅल्युमिनियम घ्यावे. स्वस्त सायकल दुरुस्तीत महाग पडते हा आक्षेपही मी मान्य करतो, पण तो खरा ठरतो रस्त्यावरच्या सायकलला. तिथे ब्रेक, दोन्ही टायर, दोन्ही चाके, सगळे सरळ करावे लागते. इथे खर्च चेन, सीट, मागचा टायर आणि एक ओव्हरऑइलिंग यांच्यापुढे जात नाही. हातात वीस हजार असतील तर सायकलवर त्यातले कमीत कमी खर्चावेत. उरलेल्यात चांगला ट्रेनर, खाली रबरी मॅट आणि एक मोठा पेडेस्टल पंखा घ्यावा. पंख्याला चैन समजू नये. दमट हवेत तो नसेल तर वीस मिनिटांत नाडी चढते आणि पाय शाबूत असूनही सराव सोडावा लागतो.

व्यवहार करताना मूळ पावती मागावी आणि क्रँकच्या खाली फ्रेमवर ठोकलेला क्रमांक तिच्याशी पडताळावा. पावती नसेल तर विकणाऱ्याच्या सहीचा कागद आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि फारच स्वस्त मिळणारी महागडी सायकल हे शंका घ्यायला पुरेसे कारण आहे.

एक शेवटचे सांगणे, आणि ते या सगळ्या सल्ल्याइतकेच महत्त्वाचे. ब्रेक नसलेली, पुढचे चाक वाकलेले, टायर चिरलेला, अशी सायकल आपण जाणूनबुजून घेतली आहे. घरातल्या मुलाला किंवा पाहुण्याला हे ठाऊक नसते. ती ट्रेनरवरून उतरवली की कोणीतरी सहज कोपऱ्यावर दूध आणायला घेऊन जाईल. हँडलवर ठळक अक्षरांत ‘ब्रेक नाहीत, रस्त्यावर नेऊ नका’ अशी चिठ्ठी बांधा, आणि कधी ती सायकल खरोखर रस्त्यावर न्यायची वेळ आली तर आधी मेकॅनिककडून ब्रेक, दोन्ही चाके आणि हँडल तपासून घ्या.